सात, सात, साडेसात

मुकादमाचा मागचा पंजा उलटा करून फरशीवर टेकवायचा आणि तो त्यानं आपणहून सरळ करेपर्यंत आकडे मोजायचे, एवढंच काम होतं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आधी उजवा, मग डावा. आकडा वहीत लिहायचा. काम इतकं सोपं की भिंगरीनं ते स्वतःहून मागून घेतलं. बाबांचे हात दिवसभर सोल्युशननं चिकटलेले, आई उजाडता उजाडता शाळेची व्हॅन घेऊन बाहेर. मग राहिलं कोण? शिवाय आपल्याला सगळंच जमतं असं भिंगरीला नुकतंच वाटायला लागलं होतं. वक्तृत्व स्पर्धेत ती पहिली आली होती, आणि तेव्हापासून "मीठ दे" एवढं म्हणायचं झालं तरी ती हात उंचावून म्हणत असे.

मुकादम म्हणजे कुत्रा. दहा वर्षांचा, काळा-तांबडा, एक कान उभा, एक पडलेला. खाली बाबांचं बॅगा दुरुस्तीचं दुकान, वर घर, मध्ये चौदा पायऱ्या. मुकादमाची ड्यूटी खाली. बाबा मशीनवर बसले की हा समोर बसायचा आणि एकटक असा बघायचा, की टाका वाकडा गेला तर संध्याकाळी पगार कापणार. नाव त्यावरूनच पडलं.

पावसाळा नाही, उन्हाळा नाही, अशा एका मधल्याच आठवड्यात त्याच्या चालण्याचा आवाज बदलला. आधी टक टक टक टक. आता टक, टक, खर्र. मागच्या पायाची नखं फरशीवर घासत होती. आई म्हणाली नखं वाढली असतील. बाबांनी पाय उचलून पाहिला, तर नखं वाढलेली नव्हती, उलट मधली दोन झिजून पार मुळाशी गेली होती. झीज त्यांना कळते. बॅगेचं कुठलं टोक झिजलंय ते बघून माणूस ती कुठल्या हातानं ओढतो हे ते सांगतात.

डॉक्टरीणबाईंनी बरंच तपासलं, फोटो काढले, आणि मग टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

"पाठीचा कणा आहे ना, त्याच्या आतून एक जाड दोर जातो समजा. त्या दोराचे धागे एकेक करून विरत चाललेत. दुखत नाही त्याला, हे चांगलं. थांबवता येत नाही, हे वाईट."

"आतून पुन्हा शिवता नाही येत?" बाबांनी विचारलं. आयुष्यात एकाही बॅगेला 'होणार नाही' न म्हटलेला माणूस तो.

"नाही येत."

मग त्यांनी पंजा उलटा करून दाखवला. निरोगी कुत्रं पंजा लगेच सरळ करतं. मुकादमाला दोन आकडे लागले. "हा आकडा वाढत जाणार," त्या म्हणाल्या. "दहावर गेला की पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, सरळ इकडे यायचं. तेव्हा त्याला चाकांची गाडी बांधायची. मागच्या पायांत थोडी धुगधुगी आहे तोवरच कुत्रं गाडी आपली मानतं. पाय पार गेल्यावर बांधली तर खुंटीला टांगल्यासारखं उभं राहतं. काय, कळलं का वक्तेबाई?"

वक्तेबाईंना सगळं कळलं. फक्त कळलं ते वेगळंच. दहा म्हणजे गाडी आणि गाडी म्हणजे संपलं, एवढं घेऊन भिंगरी घरी आली.

घर बदललं. फरशीवर जुन्या बॅगांचे फोमचे तुकडे जोडून रस्ता तयार झाला, मशीनपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत. खांद्याच्या रुंद पट्ट्यांतून बाबांनी एक झोळी शिवली. ती पोटाखालून घालायची, वरून धरायची, आणि जिना चढायचा. पुढचे दोन पाय मुकादमाचे, मागचे दोन भिंगरीचे. चौदा पायऱ्या चढून गेल्यावर दोघंही सारखेच धापा टाकत. नखं वाचावीत म्हणून बाबांनी रेक्झिनचे छोटे बूट केले, आतून अस्तर, वरून चिकटपट्टी. पहिला जोड घातला तेव्हा मुकादम चारही दिशांना पाय झटकत असा चालला की आई जिन्यावर बसून हसली.

"लग्नाला निघालाय का रे?"

वहीत तीन आले. मग चार. मग पाच, पाच, सहा. भिंगरीला रात्रभर झोप लागायची, पण सकाळी जाग आली की आधी वही शोधायची. ती मुकादमाकडे धावत जाई, पंजा उलटा करी, आणि मोजताना तिचा स्वतःचाच पाय हलत राही, पंजा आपणच फिरवणार असल्यासारखा. सात आले त्या दिवशी तिनं वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

दुसऱ्या दिवशी ती जरा हळू मोजायला लागली.

तिनं ठरवलं वगैरे नव्हतं. तिची जीभच जड झाली. ए-क. दो-न. जी पोरगी भाषणाची सगळी प्रस्तावना एका श्वासात म्हणायची, तिला तीनवरून चारवर जायला घर बदलण्याएवढा वेळ लागायला लागला. पंजा सरळ होई, सात आलेले असत, सात लिहिले जात. खोटं कुठे होतं? मोजले तेवढेच लिहिले. आठवड्यानं मध्येच श्वास घ्यावा लागला, तर तो श्वास धरत नाहीत असंही तिनं मनाशी ठरवून टाकलं. सात, सात, सात. सगळं सारखंच दिसतंय म्हणून एके दिवशी तिनं साडेसात लिहिले.

"साडेसात कसे मोजलेस गं?" आईनं विचारलं. व्हॅनची किल्ली अजून बोटात फिरत होती.

"सात झाले आणि वर अर्धा झाला."

"अर्धा कसा म्हणतात? अ-र्धा?"

"आई, तुझी व्हॅन थांबलीय."

"व्हॅन मीच चालवते, बये. ती कशी थांबेल?" आई हसत गेली, पण जाताना वहीकडे एकदा बघून गेली, आणि भिंगरी दिवसभर शाळेत बाकावर बूड टेकून बसू शकली नाही. तीनदा पाणी प्यायला गेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तिच्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं होतं.

आणि इकडे बूट झिजत होते.

पहिला जोड तीन आठवडे टिकला होता. दुसरा दहा दिवस. तिसऱ्याचं टोक चार दिवसांत फाटून अंगठा बाहेर आला. बाबांनी तो बूट उलटासुलटा केला, उजेडात धरला, नखानं खरवडला. मग त्यांनी वही उघडली. भिंगरी समोरच चेनचे रनर रंगांप्रमाणे वेगळे करत होती. तिचे हात थांबले.

"सात, सात, साडेसात, सात," बाबा वाचत म्हणाले. "म्हणजे पाय तर आहे तिथंच आहे."

भिंगरी म्हणाली, "हं."

"पाय तसाच, चाल तशीच, मग बूट का फाटतो?" बाबांनी वही ठेवली. "माल! माल हलका आलाय."

त्यांनी रेक्झिनवाल्या काकांना फोन लावला. वीस वर्षांचा तो व्यवहार, कधी आवाज चढला नव्हता. त्या दिवशी चढला. "माझ्या पोरीनं रोजच्या रोज मोजून लिहिलंय, मला सांगू नका!" बाबा म्हणाले. "पोरगी खोटं लिहील का तुमचं रेक्झिन खोटं असेल?" पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, पण बाबांनी फोन आपटला आणि कानाची पाळी चोळत बसले. भिंगरी उठून वर गेली, वर काहीच काम नाही म्हणून खाली आली, खाली बाबांचं तोंड दिसलं म्हणून पुन्हा वर गेली. आता बोल, आता बोल, असं प्रत्येक पायरीवर मनात यायचं, आणि पुढच्या पायरीवर वाटायचं, आता कसं बोलणार? कालच बोलायला हवं होतं. काल वाटलं होतं, परवा.

खाली बाबांनी तेवढ्यात तोडगा काढला होता. टायरचं रबर. जड सामानाच्या बॅगांना तळाशी लावतात ते, बोटभर जाडीचं. "आता बघू कसा झिजतो ते," म्हणत त्यांनी त्याचे तळवे कापले, मेणदोऱ्यानं शिवले, आणि मुकादमाच्या पायांत चढवले. बूट कसला, दगडच बांधला होता पायाला. पहिल्या दिवशी तो जेमतेम मशीनपासून दारापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी निम्म्यात बसला. बाबा म्हणाले, सवय होईल. वही सांगत होती की पाय तेवढाच चांगला आहे, मग दोष सवयीचाच असणार. बाबा वहीवर विश्वास ठेवत होते, बूट वहीवर विश्वास ठेवून शिवलेले होते, आणि त्या विश्वासाचं सगळं वजन मुकादम ओढत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई भलीमोठी ट्रॉली बॅग घेऊन आल्या. मूठ तुटलेली. मुकादम उठला. पुढचे पाय उठले, छाती उठली, मागचा पाय त्या रबरासकट आडवाच राहिला आणि जमिनीवरच्या एका पट्ट्यात अडकला. तो तोंडावर पडला. हनुवटी फरशीवर आपटल्याचा आवाज भिंगरीनं वरून, जिन्यातून ऐकला. ती आली तेव्हा त्याच्या जिभेतून रक्त येत होतं. ओरडत नव्हता. मान वळवून आपल्या मागच्या पायाकडे बघत होता, हा कुणाचा पाय इथे पडलाय असा.

"अगंबाई!" त्या बाई म्हणाल्या.

"काही नाही, काही नाही," बाबा खाली बसले. "पट्टी सैल राहिली माझी. अजून घट्ट बांधायला हवी." आणि ते खरंच घट्ट बांधायला लागले.

"बाबा, नका!"

"अगं, थांब, एकच वेढा..."

"पाय गेलाय त्याचा! सात नाहीयेत! मी हळू मोजत होते!"

वक्तृत्व स्पर्धेत तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला होता. आता तो समोरच्या दुकानापर्यंत गेला. त्या बाईंनी ट्रॉली बॅग हळूच भिंतीला टेकवली, उद्या येते म्हणाल्या, आणि गेल्या.

बाबा रागावतील, हात उगारतील, निदान 'का' तरी विचारतील, अशी ती वाट बघत होती. बाबांनी मेजावरची कातडं कापायची रापी घेतली आणि बुटांचे टाके एकेक करून कापले. स्वतः घातलेले टाके. बूट काढून बाजूला ठेवले, मुकादमाची जीभ ओल्या फडक्यानं पुसली. मग उठले आणि फोन लावला.

"दादा, मी बोलतोय. तुमचा माल चांगला आहे. चूक आमच्याकडची. का ते माझी पोरगी सांगेल." आणि फोन तिच्या हातात दिला.

तिच्या आयुष्यातलं ते सर्वांत लहान भाषण. "काका, मी वहीत खोटं लिहिलं. रेक्झिन बरोबर होतं."

मग रेक्झिनवाले काका म्हणाले, "कुत्रा कसा आहे गं?" त्यावर मात्र ती रडली.

आई व्हॅन लावून आली, सगळं ऐकलं, आणि मनगटावरचं घड्याळ काढून भिंगरीच्या हाती दिलं. "मोज." भिंगरीनं पंजा उलटा केला. काटा फिरला. दहा, वीस, तीस. मुकादम समोर बघत जांभई देत होता. साठ झाले. पंजा होता तसाच. शेवटी आईनंच वाकून तो सरळ केला.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का, भिंगरे?"

"मला वाटलं, दहा झाले नाहीत तर..."

"कळलं मला काय वाटलं ते. मलाही ते साडेसात वाचून तेच वाटत होतं. म्हणून मीही पुढं विचारलं नाही." आईनं घड्याळ परत बांधलं. "चल, बूट घाल. तुझे. दवाखाना उघडा असेल."

डॉक्टरीणबाईंनी पाय बघितले, टाचणी लावून बघितली, मग वही बघितली. "किती दिवस असं?"

"चोवीस."

"चोवीस," त्या म्हणाल्या. वही मिटून बाजूला ठेवली. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला झालं. "लघवीही त्याला नीट होणार नाही थोड्या दिवसांनी, पोट कसं दाबायचं ते दाखवते. गाडी बांधून बघू. मानेल का, मला माहीत नाही."

गाडी बाबांनी दोन दिवसांत केली. मोडीतल्या ट्रॉली बॅगांच्या मुठीच्या नळ्या, सगळ्यांत मोठी चाकं, कमरेला फोमचा गादीसारखा पट्टा. भिंगरी नळ्या धरायला बसली, पण दर मिनिटाला उठत होती. "तू एक तर बस, नाहीतर जा," बाबा म्हणाले. बरेच तास ते तिच्याशी कामापुरतंच बोलत होते, आणि हे वाक्य कामापेक्षा एका शब्दानं जास्त वाटलं, म्हणून ती बसली.

मुकादमाला गाडीत उभं केलं. तो उभा राहिला. खुंटीला टांगल्यासारखा. पुढचे पाय थरथरले, दोन मिनिटांत बाहेर काढावं लागलं. दुपारी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. भिंगरीनं बिस्किट दाखवलं, चेंडू टाकला, स्वतः रांगून दाखवलं, शेवटी समोर उभी राहून हातवारे करत भाषणच दिलं, "बंधू मुकादम, आज आपण ज्या वळणावर उभे आहोत..." बाबांच्या मिशीत काहीतरी हललं. मुकादमाच्या कशातच काही हललं नाही.

"मी घालवले ना त्याचे दिवस?" चौथ्या दिवशी तिनं विचारलं.

बाबा सुईत दोरा ओवत होते. ओवून झाल्यावर म्हणाले, "घालवलेस."

एवढंच. पण त्यांनी ते तिच्याकडे बघून म्हटलं. मग सरकून मशीनशेजारी जागा केली, आणि दोघं मिळून त्याच्या पुढच्या पायांना मालिश करत बसली, ती डावा, ते उजवा.

सहाव्या दिवशी भिंगरी वैतागली. त्याला गाडीत उभं करून तिनं चक्क पाठ फिरवली आणि पाणी प्यायला निघाली. घोट घेतानाच मागे धडाम झालं. मुकादम चालला होता, पण उलटा! एकेक पाऊल मागे टाकत, चाकांसकट, दुरुस्तीला आलेल्या बॅगांच्या ढिगात घुसला होता. डोक्यावर एक शाळेचं दप्तर, चेहरा पूर्ण गंभीर.

"रिव्हर्स सापडला, रिव्हर्स!" आई दारातून ओरडली. "माझ्या व्हॅनला सापडत नाही तो!"

उलट्याचं सुलट व्हायला आणखी तीन दिवस गेले. आता तो सपाट रस्त्यावर चालतो, समोरच्या दुकानापर्यंत आणि परत. त्यापुढे नाही. पुढचे पाय दमतात, मग तो मध्येच उभा राहून जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे बघतो, आणि भिंगरी शेजारी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत वाट बघते. वाट बघणं तिला अजूनही येत नाही. गाडी वेळेत बांधली असती तर कुठवर गेला असता, हे तिनं पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंना विचारलंच.

"कदाचित पुढच्या कोपऱ्यापर्यंत. कदाचित इथवरच. ते आता कुणालाच कळायचं नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी नवी वही काढली. "हे विरणं वर सरकत जातं. कधीतरी पुढच्या पायांवर येईल. आजपासून पुढचे पंजे मोजायचे."

"बाबांना द्या," भिंगरी पटकन म्हणाली. "किंवा आईला. माझ्याकडे नको."

बाबा छताकडे बघत होते. डॉक्टरीणबाईंनी वही तिच्यापुढेच धरली. "लबाडी कुठल्या आकड्यापाशी सुरू होते, हे या खोलीत तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? घे."

भिंगरी खाली बसली. मुकादमाचा पुढचा उजवा पंजा उचलला, उलटा केला, टेकवला. ती 'एक' म्हणायला तोंड उघडते तोच त्यानं झटकन पाय ओढून घेतला आणि, काय चाललंय हे, अशा नजरेनं तिच्याकडे पाहिलं.

"काय लिहू?" तिनं विचारलं.

"झालं ते लिही."

तिनं शून्य काढला. मग त्याच्याकडे बराच वेळ बघून, गाडीच्या चाकाला हात लागणार नाही असं जपत, ती गुडघ्यांवरच दुसऱ्या बाजूला सरकली. डावा अजून बाकी होता.